घर विकून राहीन

आमच्या बाबांनी जन्मभर लोकांची घरं विकली आणि आम्ही मात्र गोंदियाबाहेर मुर्रीच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. ही गोष्ट लहानपणी माझ्या डोक्यात काही केल्या बसत नसे. शाळेत नव्या बाई आल्या की विचारत, "वडील काय करतात?" मी सांगे, "घरं विकतात." त्या कौतुकानं विचारत, "किती घरं आहेत गं तुमची?" मी खरं तेच सांगे, "एकही नाही." वर्ग खो खो हसे, बाईही हसत, आणि मी खाली बसताना विचार करत राही की यात हसण्यासारखं काय होतं. घरी येऊन आईला विचारलं तर ती म्हणे, "आपन दुसऱ्याची विकतो." आता दुसऱ्याची वस्तू विकणाऱ्याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून मी आणखी घाबरे. बाजारातले हिंदी बोलणारे दुकानदार बाबांना 'दलालजी' म्हणत. आईला तो शब्द आवडत नसे. ती 'मधला माणूस' म्हणायची. कशाच्या मधला, ते कोणी सांगायचं नाही.

मोठी होता होता थोडंफार कळत गेलं. घर घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एकमेकांशी थेट बोलायचा संकोच असतो. एकाला वाटतं जास्त मागितलं जाईल, दुसऱ्याला वाटतं आपण नडलेले आहोत हे कळेल. म्हणून दोघंही बाबांशी बोलत. बाबांनी इकडचं तिकडं न्यायचं, पण सगळं न्यायचं नाही. न्यायचं ते मात्र जसंच्या तसं न्यायचं, असा त्यांचा हट्ट. घर बघायला गेले की ते भिंतीकडं फारसं बघत नसत. कोणाच्या छपराचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, विहिरीवर कोणाकोणाचा हक्क, शेजारणींचं आपसात पटतं का, मागच्या गल्लीतून गाडी आत येते का, असलं ते विचारत. घरात काही खोट असली तर घेणाऱ्याला आधीच सांगून टाकत आणि त्यापायी दोन-चार सौदे मोडलेही. आई चिडायची. "इतकं खरं सांगाचं होतं तं मास्तर व्हाचं होतं," असं ती चुलीशी पुटपुटे. त्यांचा आणखी एक नेम होता, आणि तो आम्हा पोरांना फार छळायचा. सौदा तोंडात आल्यापासून ताबा दिला जाईपर्यंत दोन्ही घरचं अन्नपाणी आमच्या घरातल्या कोणीही घ्यायचं नाही. ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्या बाजूनं जीभ वळते, असं त्यांना वाटे. त्यामुळं कोणाकडं कढईत गुलगुले तळले जात असोत नाहीतर अंगणात ऊस सोलला जात असो, आम्ही आपले तोंड मिटून उभे. घरच्या लाखोरीच्या डाळीला आणि भाताला मी त्या काळात फार नावं ठेवली आहेत. आता ती डाळ कुठं मिळाली तर मी रांगेत उभी राहून घेईन.

माझ्या नातवानं गेल्या वर्षी नागपुरात फ्लॅट घेतला. त्याचा दलाल गुळगुळीत दाढीचा, एका हातात दोन फोन. त्यानं आम्हाला चहा पाजला, बिस्किटं खाऊ घातली, आणि मी बिस्कीट तोंडात धरून बाबांच्या आठवणीनं उगीच कानकोंडी झाले. विकणारे नवरा-बायको समोर बसले होते. बाई एकसारखी खिडकीच्या गजावर बोट फिरवत होती. मी नातवाला हळूच म्हटलं, ही माणसं आता जाणार कुठं? तो म्हणाला, "आजी, तो आपला प्रश्न नाही." असेल बुवा. मला मात्र त्या क्षणी सगुणाकाकू आठवल्या आणि तेव्हापासून त्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सगुणाकाकूंचं घर विकलं गेलं आणि सगुणाकाकू त्या घरातून निघाल्याच नाहीत, अशी ती एकूण हकिकत. आमच्या गल्लीच्या टोकाशी, शहराकडं जाताना उजव्या हाताला त्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं. पुढं छपरी, आत दोन खोल्या, मागं भट्टीची छपरी, आणि तिच्यामागं वाडी. वाडी म्हणजे आमच्याकडं घरामागची भाजीपाल्याची जागा. त्यात पपई, शेवगा आणि कुंपणावर वालाचे वेल. काकू मुरमुरे फोडून विकत. मोठ्या कढईत वाळू तापवायची, तिच्यात तांदूळ टाकायचा आणि बांबूच्या काड्यांच्या झाडणीनं भराभर हलवायचा. मग जो तडतडाट सुटे तो अर्ध्या गल्लीला ऐकू जाई. सकाळी तांदळाच्या गिरणीचं इंजिन भकभक सुरू होई, त्याच्यामागून काकूंची कढई, आणि मग रेल्वेचे डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज. या तिन्हींवर आमचा दिवस चाले. काकूंना मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अंग काटक, आवाज कढईवरून बोलून बोलून मोठा झालेला, आणि तोंड तिखट.

त्यांच्या नवऱ्याचा एक पुतण्या तिरोड्याला असे. दिवाळीला यायचा, फराळ करायचा, आणि मग अंगणात उभा राहून मान वर करून छपराकडं बघत म्हणायचा, "काकू, औंदा कवेलू फेरून घ्या लागते." बोलणं साधंच, पण ते आपलंच छप्पर असल्यासारखं बोलणं होतं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तो गेल्यावर त्या आमच्याकडं येऊन आईपाशी तासभर बडबडत. एकदा अशाच दिवाळीनंतर त्यांनी बाबांना निरोप धाडला की घराचं बोलायचं आहे, येऊन जा.

विकणारी बाई असली की बाबा आईला सोबत नेत, आणि आई मला नेई, कारण मला मागं ठेवलं की मी चुलीशी काहीतरी उद्योग करे. आम्ही गेलो तेव्हा भट्टी ऐन भरात होती. आई काकूंच्या जवळ बसली, बाबा छपरीच्या खांबाला टेकून उकिडवे. काकूंनी गरम मुरमुऱ्यांची मूठ माझ्यापुढं धरली. मी बाबांकडं बघितलं. बाबांनी मान हलवली. म्हणजे सौदा तोंडात आला.

"बोला बाई. कायले बलावलं?"

काकू झाडणी फिरवता फिरवताच म्हणाल्या, "घर विकून राहीन मी, भाऊ. पन थ्या पुतन्याले देनार नाही."

बाबांनी भाव विचारला. काकूंनी सांगितला. बाबांच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा एक डाव सांगा बाई, आवाजात ऐकू नाही आलं." काकूंनी काहीतरी पुन्हा सांगितलं. मग बाबा आणि त्या आणखी थोडा वेळ बोलत होते, पण माझं सगळं लक्ष टोपलीत पडणाऱ्या मुरमुऱ्यांकडं. आई एक शब्द बोलली नाही. परत येताना बाबा खूश होते. बाईला पुतण्याचा इतका राग आहे की घर कमी किमतीत द्यायलाही तयार आहे, असं ते म्हणाले. काकूंचा भाऊ चोरखमाऱ्याकडं धानाची शेती करायचा, त्याचं नाव काकूंच्या बोलण्यात सारखं येई. तेव्हा त्या आता भावाकडं जाणार, हे बाबांनी मनाशी धरून टाकलं.

घेणारे निघाले निकम मास्तर. साताऱ्याकडचे. इथं शाळेवर मराठी शिकवायला आलेले. ते बोलत तेव्हा प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ असे. त्यांची बायको आल्यापासून एका भाड्याच्या खोलीत दुसऱ्या बिऱ्हाडाबरोबर एकाच चुलीवर स्वयंपाक करत होती, आणि तिला त्याचा अगदी वीट आला होता. घर बघताना ती भट्टीपाशी थांबली, वाडी बघितली, आणि मास्तरांना म्हणाली, "मला बाकी काही नको. माझी चूल माझी एकटीची हवी." बाबांनी तिला शब्द दिला. त्यांनी विहिरीचं, छपराच्या पाण्याचं, शेजारणींचं सगळं खरं खरं सांगितलं. मग कचेरीत कागद झाले. तिथं कोणीतरी भराभर काहीतरी वाचून दाखवलं आणि काकूंनी अंगठा उमटवला. काकूंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मास्तरांनाही सगळं कळलं नव्हतं, असं ते नंतर एकदा म्हणाले.

ताब्याच्या दिवशी मी बाबांच्या मागं हट्टानं गेले. अन्नपाण्याची बंदी त्या दिवशी उठणार होती आणि माझा डोळा मुरमुऱ्यांवर होता. निकमांचं सामान बैलगाडीवर. निकमबाई पुढं, हातात तुळशीची कुंडी. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, आणि काकू धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यात हसतमुख उभ्या. "या, या बाई. पुढची खोली मोकळी करून ठेवली तुमच्यासाठी." निकमबाईंना केवढा आनंद झाला! त्या आत गेल्या, आणि मागच्या खोलीत चूल पेटलेली, तिच्यावर डाळ रटरटत होती. भिंतीशी काकूंचं सगळं सामान नीट रचलेलं. निकमबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "यांना निघायला उशीर झालेला दिसतोय." मग काकूंना म्हणाल्या, "तुमची गाडी कधी यायची आहे?"

"कायची गाडी?"

"तुमची. जायची."

"मी कोठं जाऊन राहिली?" काकू म्हणाल्या.

आता आमच्याकडं 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे, आणि 'जाऊन राहिली' म्हणजे जाते आहे. काकूंचं म्हणणं एवढंच की मी कुठं जाते आहे? निकमबाईंना ऐकू आलं ते असं की मी कुठं जाऊन राहू? त्या बिचाऱ्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "कुठं जाऊन राहायचं ते तुम्ही ठरवलं असेलच ना, पण आमचं सामान उन्हात आहे." काकू म्हणाल्या, "मंग आना ना आत, कोन नाही म्हनून राहिलं?" निकमबाई म्हणाल्या, "पण आत जागा कुठाय?" असं ते बराच वेळ चाललं. गाडीवान बैल सोडून मोकळा झाला. दोघी एकमेकींशी अगदी गोड बोलत होत्या आणि दोघींचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. मला वाटलं, मोठ्या माणसांना काहीतरी कळलं असेल. मी बाबांकडं बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई," बाबा काकूंना म्हणाले, "तुमी घर विकलं ना?"

"विकलं ना. म्याच सांगतलं होतं तुमाले. घर विकून राहीन."

"हो, विकीनच म्हनून..."

"विकीन, नं राहीन. म्हून तं भाव कमी सांगतला! फुकट कमी केला का भाऊ म्या?"

मग दुपार होईस्तोवर त्या एका वाक्याचा कीस पडला. बाबांना ऐकू आलं होतं ते असं की काही झालं तरी विकल्याशिवाय राहणार नाही. काकूंचं म्हणणं, घर विकीन आणि त्यातच राहीन, म्हणजे पुतण्याच्या हाती काही लागणार नाही आणि आपलीही सोय. शेजारचा एक म्हातारा म्हणाला की अरे, बाई नुसतं सांगत होती, विकणं चालू आहे म्हणून. मास्तर जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसले होते. ते हळूच म्हणाले, "'विकूनच राहीन' म्हटलं असतं तर निश्चय झाला असता. 'विकून राहीन' म्हणजे आधी विकण्याची क्रिया, मग राहण्याची. व्याकरणानं पाहिलं तर बाईंचंच..." पुढचं त्यांनी गिळलं, कारण बायको बघत होती.

"व्याकरण तुमच्यापाशी ठेवा," निकमबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि तुळशीची कुंडी अजून हातातच होती. "ही चूल कोणाची तेवढं सांगा."

मला दोघींचंही पटत होतं, आणि दोघींचंही कसं काय पटू शकतं याचाच मला राग येत होता. बरोबर एक असेल तर दुसरं चूक असायला हवं, एवढं शाळेत शिकवलं होतं. त्या दिवशी मला मुरमुरे मिळाले नाहीत.

बाबांनी काय काय करून बघितलं! काकूंना आमच्या घरी चला म्हणाले. काकू म्हणाल्या, "पाहुनी होऊन कोनाच्या दारी नाही राहाची मी." सौदा उलटवू म्हणाले, दुसरं घर शोधून देतो म्हणाले. मास्तर तयार होते. निकमबाई मुळीच नव्हत्या, आणि त्यांचं काय चुकत होतं? चोरखमाऱ्याहून काकूंच्या भावाला बोलावून घेतलं. तो पोटभर जेवला, "माझ्या घरी जागा हाय, पन हे येनार नाही," असं म्हणाला आणि निघून गेला. बाबांनी दोघांकडून घेतलेली दलाली परत करायचं ठरवलं, तर ती कोणी घेईना. शेवटी पुढच्या खोलीत निकम आणि मागच्या खोलीत काकू, असं ते घर चालू लागलं. कागदावर घर सगळंच निकमांचं होतं, तेव्हा मास्तरांनी कचेरीचा रस्ता धरला असता तर काकू रस्त्यावर आल्या असत्या. मास्तरांच्या मनात तसं नव्हतं, पण बायकोच्या रडण्यापुढं ते किती दिवस टिकतील याची बाबांना खात्री नव्हती. काकूंना आज उठवतात की उद्या, याच धास्तीनं बाबा रोज सकाळी तिथं जाऊन छपरीत बसू लागले.

आणि तिथं बसून त्यांनी केलं काय? दलालीच केली. दोघी बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. एकीचं बोलणं दुसरीला पुरतं कळायचंही नाही. ताबा रीतसर झालाच नाही, म्हणजे सौदा संपलेला नाही, म्हणून बाबा तिथलं पाणीसुद्धा घेत नसत. त्यांचा डबा घेऊन मी जाई. तेव्हा जे चाले ते मी कान टवकारून ऐके. हाताच्या अंतरावर बसलेल्या काकू म्हणत, "तिले सांगा भाऊ, कच्ची पपई तोडाले अक्कल लागत नाही." बाबा निकमबाईंकडं वळून म्हणत, "बाई म्हनतात, पपई पिकाची आहे अजून." निकमबाई म्हणत, "त्यांना सांगा, त्यांच्या भट्टीची वाळू माझ्या पिठात उडते, माणसानं खायचं काय?" बाबा इकडं वळून सांगत, "बाई म्हनतात, वारा आला की भट्टीले आडोसा करा." काकू विचारत, "इतकंच म्हनली का थे? बरंच लांब बोलून राहिली होती." जसंच्या तसं न्यायचं म्हणणारे माझे बाबा एकेक वाक्य अर्धं करून, साखर लावून पोचवत होते. हे खोटं का खरं, मला समजेना. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू आपला डबा पोचव."

गोंदियाच्या बाजारात ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? "क्यों दलालजी, औरत समेत मकान बेच दिया?" असं म्हणून कापडवाला त्यांना हाक मारी आणि दुकानांची सगळी लाइन हसे. बाबा हसण्यावारी नेत. पण ते घरी जेवताना मधेच थांबू लागले. घास हातात तसाच, आणि ओठ हलत असत. एकदा मी जवळ जाऊन ऐकलं. ते पुटपुटत होते, "विकून राहीन... विकून. राहीन." मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. बाबा असे गोंधळलेले मी कधी पाहिले नव्हते. सगळ्या गावाचे बांध आणि भिंती ज्यांना तोंडपाठ, त्यांना एक वाक्य उलगडेना.

नवं धान घरात आलं. हे मुरमुऱ्यांचे ऐन दिवस. एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर मागून आवाज नव्हता. छपरीत बाबा उभे होते, बसलेले नव्हते. भट्टी विझलेली, कढई नाही, मागची खोली झाडून सारवून लख्ख. निकमबाई चुलीपाशी नुसत्याच बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काल दुपारी तो पुतण्या गाडी घेऊन आला. मी काही बोलले नव्हते हो. परवापासून तर आम्ही थोडंसं बोलायलासुद्धा लागलो होतो." ज्याच्या हाती घर पडू नये म्हणून त्यांनी ते विकलं, त्याच्याच गाडीत बसून काकू तिरोड्याला गेल्या होत्या. निकमबाईंना हवी ती चूल मिळाली. त्यांनी बाबांपुढं चहा ठेवला. सौदा आता पुरा झाला होता, घ्यायला हरकत नव्हती. बाबांनी तो घेतला नाही. चालत घरी आले आणि आईला म्हणाले, "गेली थे." आई म्हणाली, "हं."

काही वर्षांनी माझं लग्न झालं. सासर तिरोड्याजवळ. घरची धानाची शेती, भलं मोठं खटलं. त्यात काकूंना शोधायला जायचं राहूनच गेलं. मग एका बाजारच्या दिवशी लांबूनच त्यांचा आवाज कानावर आला. चिंचेखाली मुरमुऱ्यांची रास मांडून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी आधी मूठभर मुरमुरे माझ्या पदरात टाकले, मग ओळखलं. पुतण्याचं कसं काय विचारलं तर म्हणाल्या, "आहे आपला. बोलते कमी, हे बरं हाय." थकल्या होत्या, पण रडगाणं नव्हतं. मी धीर करून विचारलं, "काकू, ते घर का सोडलं? कोणी हाकललं तर नव्हतं."

"घर माझं होतं तवा धूर बी माझाच होता. दुसऱ्याच्या घरात धूर झाला की मलेच खोकला येऊन राहिला." त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "तेव्हा तुम्हाला खरंच काय म्हणायचं होतं? विकून राहीन म्हणजे काय?"

त्या मापट्यातले मुरमुरे वरखाली करू लागल्या.

"मलेच कोठं मालूम होतं, पोरी? एका दिवशी वाटे, विकाव नं निंघून जाव. दुसऱ्या दिवशी वाटे, विकाव नं राहाव. तोंडातून निंघालं थे निंघालं. तुह्या बाबानं एक डाव इचारलं असतं ना, बाई, मंग तुमी राहनार कोठं, तं म्या तिथंच ठरवून टाकलं असतं. इकडं नाही तं तिकडं. मंग जाची वेळ आली असती तरी आपल्या मनानं गेली असती."

मला त्या बाजारात एकदम रडू कोसळलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला माप भरून दिलं.

पुढं माहेरी गेले तेव्हा हे बाबांना सांगावं की नाही, या विचारात माझे दोन दिवस गेले. बाबा आता फारसे बाहेर पडत नसत. मास्तरांची बदली होऊन ते घर दुसऱ्याच कोणाचं झालं होतं, आणि तो सौदा बाबांनी केलेला नव्हता. शेवटी दुपारी ते जेवत असताना मी सांगून टाकलं. काकू म्हणाल्या ते शब्द जसेच्या तसे सांगितले. बाबांनी घास खाली ठेवला.

"इचारलं होतं मी," ते म्हणाले. आवाज चढला होता. "दोनदा इचारलं. हे होती ना तिथं बसून, तिलेच इचार."

मी आईकडं बघितलं. ती डाळीचं भांडं घेऊन उभी होती.

"भाव इचारला होता दोनदा," आई म्हणाली. "कमी वाटला म्हून. कोठं राहनार, थे नव्हतं इचारलं. राहाचं मनात होतं तिच्या, म्हून तं कमी सांगून राहिली होती."

बाबा तिच्याकडं वळले.

"तुले समजलं होतं? मंग काऊन नाही बोलली तवा?"

"मले कोनी इचारलं?" आई म्हणाली, आणि त्यांच्या भातावर डाळ वाढली.